सुराआधीच्या टाळ्या

आमच्या पार्ल्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी अजूनही मला लिफ्टमध्ये गाठतात आणि दार बंद व्हायच्या आत विचारतात, "मॅडम, यंदा कोण?" भाजीवाली विचारते. परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात दोन्ही हात घातलेले असताना विचारलं. आता मी काय बोलणार, कपाळ! टीव्हीवर गाण्याची स्पर्धा लागली की मी हल्ली चॅनल बदलते, पण लोकांना वाटतं, या बाईच्या पोटात निकाल असतो.

त्यांचंही चुकत नाही म्हणा. बरीच वर्षं तो खरंच माझ्या पोटात असायचा.

तुम्हाला पडद्यावर तीन परीक्षक दिसतात. ते उभे राहतात, डोळे पुसतात, स्पर्धकाच्या आईला स्टेजवर बोलावतात. मी दिसत नसे. माझं काम मुलांचा गळा तयार करणं, कुणाला कोणतं गाणं झेपेल ते बघणं आणि पट्टी ठरवणं. पट्टी म्हणजे पेटीवरचा तो सूर, जिथे गाणारा आपला सा ठेवतो. तो एकदा ठरला की सगळं गाणं त्यावर उभं राहतं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, म्हणून कुणी काळी चारला गातो, कुणी पांढरी पाचला. एक पट्टी जरी वर गेली, तरी गळ्याला ते लगेच कळतं.

पण माझं खरं काम दर सोमवारी अंधेरीच्या ऑफिसात असायचं. तिथे एकेका स्पर्धकाचं नाव घ्यायचे आणि मी सांगायचं, टिकेल की गळेल. का, तर कुणाच्या घरी जाऊन शूटिंग करायचं, कुणाला कोणतं गाणं द्यायचं, कुणाची आई रडवायची, हे सगळं त्यावर ठरायचं. उद्या बाहेर पडणाऱ्याच्या आईवर कोण खर्च करतो? मी रोखठोक सांगायची. माझा अंदाज सहसा चुकत नसे आणि त्याचा मला चांगलाच माज होता. आता माज म्हणते, तेव्हा अनुभव म्हणत होते.

कसं ओळखता, असं सगळे विचारतात. गाणं ऐकून नाही हो. चांगलं सगळेच गातात, म्हणून तर तिथवर येतात. मी वाट बघायची ती चुकीची. प्रत्येकाची कधीतरी चूक होतेच, शब्द जातो, सूर घसरतो. माझा कान असायचा पुढच्या ओळीवर. चूक झाल्यावर पुढच्या ओळीत माणूस काय करतो, त्यावरून कळतं. काहीजण ती ओळ घाबरून गिळतात. काहीजण नको तितकी सजवतात. चूक मागे टाकून पुढची ओळ साधी, नीट गाणारा टिकतो.

याला अपवाद झाले. वर्सोव्याचा एक कोळी मुलगा होता, आवाज असा की स्टुडिओचे एसी बंद करून ऐकावा. हा शेवटपर्यंत जाणार म्हणून मी ठासून सांगितलं. नारळी पौर्णिमा झाली आणि पठ्ठ्या निघाला. मी म्हटलं, "अरे, वेडा आहेस का? फायनलला जाशील तू." तर म्हणतो, "मॅडम, बोटी सुटल्या ना. दादाला हात कमी पडतात." हसत हसत पाया पडला आणि गेला. माझ्या अंदाजात गळा होता, नशीब होतं, व्होट होते, बोट नव्हती.

व्होटचंही सांगते. लहान गावचा मुलगा असेल तर अख्खं गाव फोन घेऊन बसतं, चौकात बॅनर लागतात. मुंबईच्या मुलाला मुंबई व्होट करत नाही. शेजारची मुलगी टीव्हीवर दिसली की "अरे, ही तर आपल्या बिल्डिंगमधली" म्हणतात आणि कुकर लावायला जातात. त्यामुळे मुंबईचा स्पर्धक आला की मी मनातल्या मनात त्याला दोन पायऱ्या खाली ठेवायची.

आणि टाळ्या. हे ऐकून लोकांचा विरस होतो, पण सांगून टाकते. समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या टाळ्या सकाळीच शूट करून ठेवतात. गाणारं कुणी नसतं. फ्लोअर मॅनेजर हात वर करतो, लोक टाळ्या वाजवतात. "आता उभे राहा, आता डोळे पुसा, बाई, तुम्ही मान डोलवा." मग ते तुकडे हवे तिथे लावतात. लाइव्ह कार्यक्रम असला तरी हे तुकडे तयार ठेवलेले असतात, अडीअडचणीला. त्यामुळे स्पर्धक गायला येतो तेव्हा समोरची माणसं टाळ्या वाजवून मोकळी झालेली असतात आणि जेवणाच्या पाकिटाची वाट बघत बसलेली असतात.

अशा माणसांसमोर गाणं प्रज्ञाला कधी जमलं नाही.

प्रज्ञा माहुलची. रिफायनरीच्या बाजूला ज्या बिल्डिंगा आहेत, तिथे राहणारी. तिचे बाबा एका हॉस्पिटलात लिफ्टचे टेक्निशियन, आणि संध्याकाळी स्वतःची गायन पार्टी. जयंतीला, लग्नाला, वस्तीवस्तीत भीमगीतांचे कार्यक्रम. बाबा पेटीवर, प्रज्ञा गायला. परकर-पोलक्यात असल्यापासून ही मुलगी मांडवात गात आलेली. आवाज मोकळा, खणखणीत, आणि वरचा सा असा लागायचा की ऐकणाऱ्याचा हात आपोआप वर जाई.

तिच्या घरी शूटिंगला आम्ही गेलो. आमचा क्रिएटिव्ह हेड निशांत, बोरिवलीचा मुलगा, वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक घरात अश्रू लागायचे. खिडकीतून रिफायनरीच्या चिमण्या दिसत होत्या, त्यांचा धूर दिसत होता. निशांत म्हणाला, "काका, तुम्ही जरा खिडकीत उभे राहा ना, बाहेर बघत. उदास."

बाबा म्हणाले, "खिडकीत मी सकाळी दात घासत उभा राहतो. रडायला नाही. पेटी काढू का, ते बोला."

पेटी निघाली. प्रज्ञा गायला लागली आणि मध्येच, अगदी कडव्याच्या मध्ये, वळून म्हणाली, "बाबा, चार द्या." बाबांनी काळी पाचवरून काळी चार धरली, मधली पांढरी धरून दोन पट्ट्या खाली, आणि गाणं पुढे गेलं. मी बघतच राहिले. मी शिकत असताना असं केलं असतं तर गुरुजींनी घरी पाठवलं असतं. मी म्हटलं, "अहो, लोकांसमोर पट्टी उतरवता?"

"तास-तास गायचं असतं मॅडम, मशीन आहे का?" बाबा म्हणाले. "गळा बसला की मागायची. लाज कसली त्यात? तहान लागली की पाणी मागतोच ना आपण."

मला गंमत वाटली. टीव्हीवर असलं चालायचं नाही, एवढंच मनात आलं.

सोमवारी मी सांगितलं, सेमीफायनलपर्यंत जाईल, पुढे नाही. मुंबईची आहे.

ती टिकत गेली, पण गळा थकत गेला. मला कारण कळायला वेळ लागला. एकदा रिहर्सलनंतर मी खडसावलं, "एवढा जोर कशाला लावतेस गं? माइक आहे ना हातात!"

"मॅडम, समोरचे ऐकतायत की नाही तेच कळत नाही. मांडवात कळतं. एखादी म्हातारी हात वर करते, पोरं ओरडतात, मग मी थांबते जोर लावायचं. इथे कुणी काही करतच नाही. म्हणून मी लावतच राहते."

काय सांगणार होते मी तिला? टाळ्या सकाळीच झाल्या म्हणून? सांगितलं मी तेच. ती हसली, पण तिचा गळा हसला नाही. तो त्या निर्जीव माणसांना हलवायला रोज ओरडत होता.

सेमीफायनल लाइव्ह होती. आदल्या आठवड्यापासून प्रोमो सुरू होता: प्रज्ञा डोळे मिटून वरचा सा घेते, चित्र थांबतं, आणि जाड आवाज विचारतो, 'या वेळी लागेल का?' शेवटच्या कडव्यात एक मोठे पाहुणे गायक स्टेजवर येऊन तिच्याबरोबर गाणार होते. त्यांच्या गळ्याला काळी पाचच लागत होती. व्हायोलिनवाले त्याच पट्टीत बसवून तयार होते.

त्या दिवशी दुपारी प्रज्ञा आली ती घोगरी बोलत. मी तिला तशीच गळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नळी घालून स्क्रीनवर दाखवलं. स्वरतंतूंना सूज, एका बाजूला लालभडक. म्हणाले, "खाली, हलकं गायली तर एक वेळ चालेल. वर जोर लावला तर तंतूत रक्त उतरेल. मग हाच आवाज परत मिळेल असं मी लिहून देणार नाही."

स्टुडिओत येऊन मी निशांतला सांगितलं, "पट्टी उतरव. काळी चार."

"ताई, प्लीज यार. सर काळी पाचशिवाय गात नाहीत. त्यांना आता कोण सांगणार? तुम्ही सांगता?"

"सांगते की. कुठे बसलेत?"

"अहो ताई!" तो मला आडवा आला. "एवढंच सांगा, फिट आहे की नाही? नसेल तर वाइल्डकार्डवाल्याला उभा करतो. मेकअप करून बसवलाय त्याला."

"काळी चारला फिट आहे. काळी पाचला नाही."

"असं उत्तर नसतं हो!"

"माझं हेच आहे."

मागून प्रज्ञा म्हणाली, "मी गाणार. काळी पाच तर काळी पाच." तिने सगळं ऐकलं होतं. निशांतने सुटकेचा श्वास टाकला आणि हेडफोन लावून पळाला. माझं डोकं फिरलं. "अगं मूर्ख मुली, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?" ती मेकअपच्या खुर्चीत जाऊन बसली. मी तिच्या बाबांना शोधलं. त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण म्हणाले, "इथवर आलीय मॅडम. आता मी नको कसं म्हणू? तिचं तिला ठरवू द्या."

ठरवू द्या! मला त्या घटकेला त्या माणसाचा राग आला आणि माझाही आला, कारण थांबवायचा अधिकार माझ्याकडेही नव्हता.

स्टेजवर जायला थोडा वेळ उरला होता. ओढणीला पिना लावता लावता प्रज्ञाने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, एक विचारू? माझा चान्स किती आहे?"

आमच्याकडे सक्त नियम होता, स्पर्धकाला त्याचा अंदाज सांगायचा नाही. मी तो कधीच मोडला नव्हता. किती आयांनी माझे हात धरले असतील! पण त्या दिवशी त्या मुलीने तिचा जन्माचा गळा एका सुरावर लावला होता आणि समोरच्या ताटात काय आहे हे तिला माहीत नव्हतं. मला ते सहन होईना.

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे फायनलला तू जात नाहीस. वरचा सा लागला तरी नाही, नाही लागला तरी नाही. तू मुंबईची आहेस आणि व्होट बाहेरगावी आहेत. मी दर सोमवारी हेच सांगत आलेय."

तिच्या हातातली पिन तशीच राहिली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," आणि पिन लावून उठली. पुढे काय करणार, ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

मी विंगेत उभी राहिले. माझ्या बाजूला घरोघरी जे दिसत होतं ते दाखवणारा मॉनिटर होता, समोर खरं स्टेज. कीबोर्डवर रॉनी, जुना माणूस, माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. गाणं सुरू झालं काळी पाचला. मुखडा खाली होता, तो तिने जपून घेतला. पहिलं कडवं चढायला लागलं. नको गं, नको. एक ओळ. दुसरी ओळ. वरचा सा आला.

आणि आवाज फाटला. सूर नाहीच, नुसती हवा. माइकमधून ती हवा सगळ्या स्टुडिओत घुमली.

तेवढ्यात मॉनिटरवर मी जे बघितलं, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. कंट्रोल रूममध्ये कुणाची तरी धांदल उडाली, प्रज्ञाचा चेहरा झाकायचा म्हणून त्याने हाताला लागेल तो तुकडा लावला, आणि लागला तो सकाळचा. माणसं उभी राहून टाळ्या वाजवतायत. बायका मान डोलवतायत. एक काका डोळे पुसतायत. घरोघरी लोकांनी हेच पाहिलं: पोरीचा गळा फाटला आणि स्टुडिओ उठून टाळ्या वाजवायला लागला.

आणि इथे, खरोखरच्या स्टुडिओत, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती.

माझा कान सवयीने पुढच्या ओळीकडे गेला. आता काय करते? गिळते की सजवते?

प्रज्ञाने हात वर केला. वाद्यं अडखळत थांबली. तिने प्रेक्षकांकडे पाठ केली, कॅमेऱ्यांकडे पाठ केली, आणि माइकवर, सगळ्या देशाला ऐकू जाईल असं म्हणाली, "रॉनीदादा, काळी चार द्या."

निशांत माझ्या मागे कुठेतरी किंचाळत होता. "नाही! नाही! ट्रॅक चालू ठेवा!" रॉनीच्या कानातही तेच ओरडत असणार. व्हायोलिनवाले एकमेकांकडे बघत होते. रॉनीने कानातला इअरफोन काढला, खाली टाकला आणि काळी चार धरली. एकट्याने. ती गायली. जोर न लावता, जसं आई काम करता करता गाते तसं, पण एकही सूर न सोडता. वरचा सा तिने तिथे, त्या खालच्या पट्टीत, हलकेच टेकवला आणि उतरली. पाहुणे गायक आलेच नाहीत. समोरच्या विंगेत ते हाताची घडी घालून उभे होते, मग निघून गेले. शेवटचं कडवंही तिने एकटीने म्हटलं.

गाणं संपलं. फ्लोअर मॅनेजर गोंधळलेला, त्याने हात वर केलाच नाही. हात वर झाला नाही म्हणून टाळ्या वाजल्या नाहीत. तिचे बाबा घरच्यांच्या रांगेत गुडघ्यांवर हात ठेवून बसून होते. तिने नमस्कार केला आणि खाली उतरली.

माझ्या इतक्या वर्षांच्या कसोटीवर चुकीनंतरची इतकी चोख पुढची ओळ कुणी घेतली नव्हती. आणि निकाल लागला, ती गळली. माझा अंदाज अगदी बरोबर आला होता.

दुसऱ्या दिवसापासून तो तुकडा फोनवर फिरायला लागला. गळा फाटतो, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, गळा फाटतो, लोक टाळ्या वाजवतात. खाली हसणारी तोंडं. पट्टी मागितल्याचा भाग कुणीच पुढे पाठवला नाही. मी प्रज्ञाला फोन केला तर बाबांनी उचलला.

"डॉक्टरांनी तिला बोलू नको म्हणून सांगितलंय," ते म्हणाले. मग पुढे, "तुम्ही तिला आधीच सांगितलंत म्हणे, चान्स नाही म्हणून."

"हो."

"मग ती लढणार कशी होती, मॅडम? तुम्ही निकाल आधीच लावलात. व्होट बंद व्हायच्या आधी."

 तिचा गळा वाचला, असं म्हणता आलं असतं. पण तोही वाचला की नाही, ते कुणाला माहीत होतं? शिवाय मनात आलं, माझ्या सोमवारच्या अंदाजांनी किती मुलांची घरं शूट झाली नसतील, किती जणांना पडेल गाणी मिळाली असतील. मी गळेल म्हणायची, म्हणून तर ती गळत नव्हती ना? पुढच्या सीझनला मी गेले खरी, पण सोमवारी नाव घेतलं की मला नुसता तो फोन ऐकू यायचा. मी काम सोडलं.

या वर्षी जयंतीच्या सुमाराला रॉनीचा फोन आला. "ताई, घाटकोपरला चला. तिचा कार्यक्रम आहे." मी नको नको म्हणत होते, त्याने रिक्षात घातलंच.

मैदानात मांडव, निळे झेंडे, बायका नव्या पांढऱ्या साड्यांत, पोरं खुर्च्यांवर उभी. आम्ही मागे उभे राहणार तेवढ्यात कुणीतरी ओळखून पुढे नेऊन बसवलं. स्टेजवर बाबा पेटीवर. त्यांनी मला पाहिलं. मान हलवली नाही, नजरही काढली नाही. प्रज्ञा काळी चारला गात होती. आवाज छान होता, थोडा जपलेला. रॉनी कानाशी म्हणाला, "त्या दिवसापासून वर गेलीच नाहीय."

दोन गाणी झाली. तिसऱ्याला ती मध्येच थांबली. बाबांकडे वळली आणि माइकवरच म्हणाली, "बाबा, पाच द्या."

बाबांचा हात थांबला. भाता हालत होता, सूर निघत नव्हता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग, शपथेवर सांगते, मांडवभर माणसं असताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय विचारत होते, ते मला स्पष्ट कळलं. आयुष्यभर मी त्याच प्रश्नाची उत्तरं देत आले होते. टिकेल?

मला काहीही अंदाज नव्हता. खरंच सांगते, काडीचाही नाही. तरी मी मान हलवली. हो म्हणून.

बाबांनी काळी पाच धरली. प्रज्ञाने कडवं घेतलं, चढली, एक ओळ, दुसरी ओळ, आणि वरचा सा लावला. तो लागला आणि तिथेच उभा राहिला. समोर एका म्हातारीने हात वर केला, तसा तिने जोर कमी केला, सूर तसाच ठेवला. पोरं ओरडली. रॉनी रडत होता, मी रडत होते, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

मग सूर संपला आणि टाळ्या पडल्या. सुरानंतर.